सहा जणींच्या गोळ्या

पहिल्यांदा मी खोटं बोलले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. "दुसरं काही औषध चालू आहे का?" असं मला विचारलं आणि मी "नाही" म्हटलं, ते अगदी खऱ्या मनानं म्हटलं. औषध आजारी माणूस घेतं. मी कुठं आजारी होते? मी जे घेत होते त्यानं मला जन्मात पहिल्यांदा बरं वाटत होतं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली. तिसऱ्यांदा मी धडधडीत खोटं बोलले आणि ते जिवावर बेतलं. माझ्यासारखी कुणी हे वाचत असेल तर तिनं पहिल्याच खेपेला खरं सांगावं, एवढ्यासाठी लिहायला बसले आहे. ब्लाउज शिवणारी बाई मी, लिहिण्याची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

आम्ही खापरखेड्याला राहायचो, वीजघराच्या कॉलनीला लागून दोन खोल्यांत. मी आणि माझी माय. बाप वीजघरात कोळशाच्या कामावर होता, तो मी लहान असतानाच गेला. जन्मले तेव्हा मला मुलगा समजून नाव ठेवलं होतं. ते नाव इथं सांगत नाही, त्याचं काही काम नाही. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. तेव्हा मी तिशीला टेकले होते, उघडपणे साडी नेसायला लागून पाच वर्षं झाली होती आणि गल्ली मला मंदा म्हणत होती. गल्ली एवढी शहाणी कशी झाली, विचाराल. माझ्यासारखं कटोरी ब्लाउज अख्ख्या कॉलनीत दुसरं कुणी शिवत नव्हतं, म्हणून झाली! ज्या बाईला नीट बसणारं ब्लाउज पाहिजे, तिला मला मंदा म्हणावंच लागायचं.

मायचं तसं नव्हतं. तिच्याशी भाजीपासून मोर्चापर्यंत सगळं बोलणं व्हायचं, पण या एका गोष्टीवर ती तोंड मिटून घ्यायची. मला नावानं हाकच मारायची नाही. "ऐकलं का", "इकडे ये", असं चालायचं. माझ्या साड्या धुवून वाळत घालायची, घड्या करायची, आणि बोलायची नाही. मला त्याचा राग यायचा. आता येत नाही.

गोळ्या आणि सुई

आमच्या गल्लीत सरकारी नर्सबाई यायच्या, मेश्रामबाई. कुटुंब नियोजनाच्या गोळ्यांची पाकिटं घरोघर द्यायच्या आणि रजिस्टरात खूण करायच्या. बाया पाकीट घ्यायच्या, मान हलवायच्या आणि डब्यात टाकून द्यायच्या. कुणाला वाटे आंगात गरमी होईल, कुणाला वाटे लठ्ठ होऊ, कुणाची सासू टपून बसलेली. कमला ही माझी शेजारीण. एकदा ती माप द्यायला आली आणि कमरेच्या पिशवीतून पाकीट काढून म्हणाली, "हे फेकून दे बाप्पा तुह्या कचऱ्यात. घरी फेकलं तं सासू पाह्यते."

"काय असते वं त्यात?"

"बाईच्या आंगात जे असते ना, तेच असते म्हणे. नर्सबाई सांगून राहिली होती."

"मंग फेकू नको," मी म्हटलं. "मले दे."

कमलानं माझ्याकडे पाहिलं, मग हसली, आणि पुढच्या महिन्यात स्वतःहून घेऊन आली. दोन-तीन महिन्यांत सहा जणी आणून द्यायला लागल्या. कापडाच्या घडीत पाकीट ठेवून यायच्या, "अस्तर आहे" म्हणायच्या आणि डोळा मारायच्या. पाकिटात पांढऱ्या गोळ्या असायच्या आणि शेवटच्या ओळीत तपकिरी. तपकिरी गोळ्या मी पेरूच्या झाडाखाली फेकून द्यायची. मला वाटायचं, भरतीला टाकल्या असतील. मेश्रामबाई मात्र आमच्या गल्लीवर निहायत खूश होत्या. सहाच्या सहा बाया नियमानं गोळ्या घेतात, असं त्यांच्या रजिस्टरात दिसत होतं.

तेवढ्यावर थांबले असते तर आणखी काही दिवस निभलं असतं कदाचित. पण नागपुरात रेश्मा नावाची माझी मैत्रीण होती, आमच्यासारख्यांच्या डेऱ्यावर राहायची. ती म्हणाली, "गोळीनं काय होते? सुई लाव." इतवारीत एक कंपाउंडर होता, तो काही विचारायचा नाही, तेलासारखं इंजेक्शन कमरेत टोचायचा आणि "पुढच्या वेळी ये" म्हणायचा. मी हिशेब केला तो शिवणकामाचा. एक शिलाई कच्ची, दुहेरी शिलाई पक्की. गोळी आणि सुई दोन्ही घेतलं तर काम दुप्पट पक्कं होणार. रेश्मा नुसती सुई घ्यायची. दोन्ही घेणारी शहाणी मीच.

आणि खोटं कशाला सांगू, मी फार सुखात होते. एक दिवस स्वतःचं माप घेतलं आणि ब्लाउजला पुढून छातीसाठी टक्स घालावे लागले. पहिल्यांदा! तो ब्लाउज घालून मी दार लावून आरशासमोर रडले. ज्याला हे कधी हवंसं वाटलं नाही त्याला समजावून सांगता येणार नाही, आणि ज्याला वाटलं त्याला सांगायची गरज नाही.

माळ

आधी तळहात खाजायला लागले. मग तळपाय. मग सगळं आंग. मला वाटलं कापडाची खळ बाधली. जेवणावरची वासना गेली, मशीनवर बसलं की गळून जायला व्हायचं. एक दिवस मी कमलाच्या बाहीला टाचण्या लावत होते, तोंडात टाचण्या धरलेल्या, आणि ती एकदम ओरडली, "अवं बाई, मंदा! तुहे डोये पाह्य कसे हयदीवानी झाले!"

मायनं मला दारात उजेडात नेलं, पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या भावाला काविळीनंच नेलं होतं.

आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून गंडे-दोरे, बाबा-बुवा सगळं बंद होतं. याबाबतीत माय इतकी कडक की शेजारणीनं दृष्ट काढली तरी भांडायची. पण पारशिवनीकडच्या एका खेड्यात एक म्हातारा काविळीची माळ घालतो, हे तिनं ऐकलं होतं. रात्रभर तळमळली असावी. सकाळी म्हणाली, "हे काही देवदेव नाही. जडी आहे. झाडपाल्याचं औषध आहे." मी काही विचारलंच नव्हतं. ती स्वतःलाच समजावत होती.

म्हातारा तसा भला होता. कसल्याशा वेलीचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवून त्यानं इवलीशी माळ केली, ती माझ्या डोक्यावर मुकुटासारखी बसवली. म्हणाला, रोज थोडी थोडी खाली उतरेल. गळ्यात येईल, छातीवर येईल, कमरेशी आली की कावीळ गेली समज. तेल बंद, हळद बंद, तिखट बंद, ज्वारीच्या लाह्या आणि ताक. मग विचारलं, "दुसरं काही औषध घेऊन राहिली का?"

"नाही जी," मी म्हटलं. ते हे पहिलं "नाही".

आता गंमत बघा. मी पथ्य इतकं कडक पाळलं की भाजीला हळदीचा हात लागला तर ती भाजी परत पाठवायची. मायनं स्वतःच्या जेवणातलीही हळद सोडली, दोघींसाठी वेगळं कशाला करायचं म्हणून. आणि लाह्या खाऊन झाल्या की वरून पांढरी गोळी! इतवारीला जाऊन सुईसुद्धा घेऊन आले. पथ्य आजाराचं होतं, गोळी माझी होती. दोन्हीचा एकमेकांशी संबंध असेल, हे डोक्यातच आलं नाही.

माळ खरंच उतरली. गळ्यात आली, छातीवर आली, कमरेशी आली. वाळली की दोरा सुटतो आणि लांबते, हे आज कळतं. त्या दिवशी मायनं गल्लीत गूळ वाटला. मी मात्र नखांनी आंग ओरबाडून रक्त काढत होते, लघवी काळ्या चहासारखी होत होती. चार दिवसांनी मशीनवरून उठले आणि तिथंच पडले.

मोठा दवाखाना

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेण्याआधी मायनं पेटीतून मामाचा जुना सदरा आणि पायजमा काढला. माझ्या पुढ्यात ठेवला. "तिथी लोक तमाशा करतीन," एवढंच म्हणाली. माझ्यात भांडायची ताकद नव्हती. मी छातीवर साडीची पट्टी घट्ट बांधली, वरून सदरा घातला आणि ज्या नावाला मी ओ द्यायचं सोडलं होतं त्या नावानं पुरुषांच्या वॉर्डात भरती झाले.

दवाखान्याचा दिवस फार लवकर सुरू होतो. फरशी पुसणारी बाई, मग थर्मामीटर, मग रक्त काढणारा, मग डॉक्टरांची फेरी. मला कसली भीती वाटायची सांगते. मरणाची नाही. सदऱ्याची बटणं काढायला सांगतील, याची. शिकाऊ डॉक्टर पोट तपासायला आला की मी सदरा वरून घट्ट धरून खालचं तेवढं टोक उचलायची. त्याला वाटायचं हा माणूस लाजाळू आहे. त्यानं विचारलं, "दारू पिता? काही औषधं घेता?" मी म्हटलं, "नाही." हे दुसरं. या वेळी जीभ जरा अडखळली होती.

आठवडा गेला, कावीळ हटेना. वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, केस पांढरे, आवाज खणखणीत. त्यांनी कागद पुन्हा पुन्हा पाहिले. "ही साथीची कावीळ वाटत नाही," असं शिकाऊ पोरांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "नीट आठवून सांगा. गोळी, इंजेक्शन, काढा, काहीही?"

आजूबाजूच्या खाटांवरचे पुरुष बघत होते. पायाशी माय बसली होती. पुरुषाच्या सदऱ्यात, पुरुषाच्या नावानं, पुरुषांच्या वॉर्डात पडून मी कसं म्हणणार की मी बायांच्या गोळ्या खाते? आणि त्याहून मोठी भीती होती ती वेगळीच. सांगितलं की बंद करतील. कायमचं. मग मी आयुष्यभर त्या सदऱ्यातच राहणार.

"काही नाही," मी म्हटलं.

मेश्रामबाई येतात

इकडे खापरखेड्यात वेगळाच गोंधळ उडाला होता. आमच्या गल्लीतल्या सहा जणींपैकी तिघींना दिवस गेले. गोळ्या नियमानं घेणाऱ्या तिघींना, एकदम! मेश्रामबाईंना वरच्या साहेबांनी फैलावर घेतलं. बाई रजिस्टर काखोटीला मारून घरोघर फिरल्या. पहिल्या दोघी काही बोलल्या नाहीत. कमला तिसरी, तिला ओकाऱ्या होत होत्या आणि लपवण्याचा कंटाळा आला होता. तिनं सगळं ओकून टाकलं, माझ्या इतवारीच्या सुईसकट.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला मेश्रामबाई वॉर्डात माझ्या खाटेसमोर उभ्या. माय पाण्याचा तांब्या भरायला गेली होती.

"मी इतके वर्स झाले नोकरी करून राहिली," त्या दबक्या आवाजात पण दात ओठ खाऊन बोलायला लागल्या, "असं मी आयकलं नाही बाप्पा! माह्या रजिस्टरात सहा बाया, अन गोळ्या खाणारी एक? मी साहेबाले काय तोंड दाखवू? बोल ना! आता काहून मुकी झाली?"

मी मान वर केली. त्यांनी माझे डोळे पाहिले आणि बोलणं जागच्या जागी थांबलं. खाटेच्या कडेवर बसल्या. "सगळ्या पाकिटांच्या?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "अन सुईसुदं?" तेही सांगितलं. "तपकिरी?" त्या फेकल्या म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "अवं, त्या रक्त वाढवायच्या होत्या! लोहाच्या! कामाच्या तेवढ्या फेकल्या पोट्टीनं."

मला हसू आलं. त्या अवस्थेत, त्या खाटेवर, मला खरंच हसू आलं. मग रडू आलं.

"डॉक्टरीणबाईले सांगितलं का?"

"कसं सांगू? बंद करतीन."

"अन नाही सांगितलं तं? मेलेल्या माणसाचं सगळंच बंद होते." त्या उठल्या. "तू सांगशील का मी सांगू? पण तू सांगितलेलं बरं. आंग तुहं आहे."

दुसऱ्या दिवशी फेरी आली तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, एकटं बोलायचं आहे. त्यांनी शिकाऊ पोरांना पुढं पाठवलं, पडदा ओढला. माय उठायला लागली. मी म्हटलं, "बस." आणि सांगितलं. गोळ्या, सुई, कंपाउंडर, पट्टी, सगळं. बोलताना नजर चादरीवर होती. झाल्यावर वाट बघत राहिले की आता या ओरडतील किंवा नाक मुरडतील.

त्यांनी सुस्कारा सोडला. "बरं झालं बोललीस," त्या म्हणाल्या. "आठ दिवस मी अंधारात चाचपडत होते. आधी ती पट्टी सोड, श्वास तरी नीट घे."

"बोललीस" म्हणाल्या. मी ऐकलं ते.

त्यांनी फार साध्या शब्दांत सांगितलं. गोळी पोटातून आधी यकृतात जाते. सुईचं तेल अंगात कित्येक दिवस हळूहळू पाझरत राहतं. एक ओझं उतरायच्या आत दुसरं चढत होतं आणि किती चढलं ते मोजणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, मला वाटलं दोन्ही मिळून दुप्पट पक्कं होईल. त्यांनी विचारलं, "तू शिवतेस ना? एकाच ओळीवर मशीन चार-चारदा फिरवलीस तर काय होतं?" कापड फाटतं. हे मला कुणी सांगायला नको होतं. या दोन्हीनं पायात रक्ताची गाठ होऊ शकते, ती छातीत गेली तर माणूस बोलता बोलता जातो, हेही त्यांनी सांगितलं. तू वाचलीस ती नशिबानं, म्हणाल्या.

"आता सगळं बंद."

"कायमचं?"

"आत्ता बंद. कायमचं काय ते मी आज सांगत नाही. खरं सांगू, मला यातलं फारसं माहीत नाही. पण विचारीन. मुंबईला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांना पत्र लिहीन. तू फक्त माझ्यापासून काही लपवू नकोस."

मोठा डॉक्टर "मला माहीत नाही" म्हणतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्या तीन शब्दांनी मला जेवढा धीर दिला तेवढा कुठल्या सलाइननं दिला नाही. संध्याकाळी माझी खाट कोपऱ्यात नर्सच्या टेबलाशेजारी हलवली आणि भोवती पडदा लावला. माय सगळा वेळ तिथंच बसून होती.

थांबलेले महिने

घरी आले. खाज हळूहळू गेली, डोळ्यांतलं पिवळं ओसरलं, भूक लागायला लागली. आणि आंग मागं फिरायला लागलं. हनुवटीवर खुंट जाड व्हायला लागले. त्या टक्सच्या ब्लाउजमध्ये कापड मोकळं पडायला लागलं. मी आरशावर कापड टाकलं. चिडचिड इतकी की गिऱ्हाइकं घाबरायची. दोनदा रेश्माकडे जायला एस.टी. स्टँडपर्यंत गेले आणि परत आले. कशानं परत आले, माहीत नाही. बहुतेक डॉक्टरीणबाईंना दिलेला शब्द.

मेश्रामबाईंनी शिक्षा ठरवली होती. माप द्यायला येईल त्या प्रत्येक बाईला मी गोळ्यांची खरी माहिती सांगायची, कुणी घ्यायची, कुणी नाही घ्यायची, त्रास झाला तर कुणाकडं जायचं. मी सांगायची. बाया माझं ऐकायच्या, कारण माझ्या हातात टाचण्या असायच्या. कमला पोट पुढं करून बसायची आणि म्हणायची, "मुलगी झाली तं मंदाच ठेवतो नाव. तुह्यामुळंच झाली ना वं!" साऱ्या गल्लीला हसायला विषय झाला होता. रेश्मालाही मी हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडं नेलं. आधी शिव्या दिल्या तिनं, पण आली.

दर महिन्याला रक्त तपासायचं. दर महिन्याला मी एकच प्रश्न विचारायची आणि त्या म्हणायच्या, "अजून नाही." सात महिने असे गेले.

खिडकीजवळ

आठव्या महिन्यात तपासणीला निघताना मायनं पेटी उघडली आणि माझी निळी साडी बाहेर काढली. "हे नेस," म्हणाली. "बाईले सगळं माहीतच आहे."

माय माझ्यासोबत आत येऊन मागच्या बाकावर बसली. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले, माझ्या पोटावर बोटं दाबून पाहिलं. मुंबईचं पत्र आलं होतं, ते टेबलावर होतं. "यकृत ताळ्यावर आलंय," त्या म्हणाल्या. "आता ऐक. गोळ्या कायमच्या बंद, त्या तुला चालत नाहीत. एकच सुई, अगदी थोडी, आणि ती इथंच, माझ्यासमोर. दोन गोष्टी एकत्र कधीच नाही. दर खेपेला आधी रक्त, मग सुई. चालेल?"

चालेल का म्हणे! मी नुसती मान हलवत राहिले.

"पण धोका आहेच," त्या म्हणाल्या. "डोळे पिवळे दिसले, खाज सुटली, पाय सुजला, तर त्याच दिवशी यायचं. आणि हिच्यावर माझा भरवसा नाही. ही लपवणार. घरचं कुणीतरी रोज बघणारं पाहिजे. नाहीतर मी सुई देणार नाही."

मी खाली पाहिलं. घरचं म्हणजे कोण? जिनं आजवर या गोष्टीचं नाव काढलं नाही, तिला मी कोणत्या तोंडानं विचारणार? सगळं हाताशी आलं होतं आणि इथं अडलं होतं.

मागच्या बाकावरून माय उठली. पदर खोचला. "कसं पाह्यतेत ते मले दाखवा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मला खिडकीजवळ उजेडात उभं केलं, माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढली. मग मायचा अंगठा धरून तिथं ठेवला. तिनं माझ्या डोळ्यात वाकून पाहिलं, एकात, मग दुसऱ्यात, फार वेळ. इतक्या जवळून तिनं मला कधी पाहिलं होतं, मला आठवेना.

"पांढरे आहेत," ती म्हणाली.

"शाब्बास. रोज सकाळी असंच बघायचं."

माय तिथंच उभी राहिली. काहीतरी विचारायचं होतं तिला. "बाई," ती अखेर म्हणाली, "मी रोज पाहीन. काही दिसलं तं उचलून घेऊन येईन. पण काही नाही दिसलं, तं मंग मंदाची सुई बंद नाही ना करणार तुम्ही?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मंग ठीक आहे," माय म्हणाली, आणि सुई घ्यायला मला हाताला धरून पडद्याआड घेऊन गेली.